फ्लू मला झाला, बाळालाही झाला असेल का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र. वय २७, पहिलीच खेप, सध्या १९वा आठवडा. जानेवारीत, ११व्या आठवड्यात, व्यापार मेळ्याला जाऊन आल्यावर दोन-तीन दिवसांत खोकला सुरू झाला आणि ताप १०२ वर गेला. ‘औषध बाळाला लागेल’ म्हणून दोन दिवस तिने एकही गोळी घेतली नाही. त्या दिवसांत सासूबाईंनी दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची सिगडी ठेवली आणि ज्येष्ठमधाचा काढा दिला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वॅब पाठवला, तो एच१एन१ फ्लूचा निघाला. पाच दिवस ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध आणि तापासाठी पॅरासिटामॉल घेऊन ती बरी झाली, पण तेव्हापासून झोप उडाली आहे. विषाणू बाळापर्यंत गेला असेल का, औषधांनी काही झालं असेल का? एका नातेवाइकांनी ‘पोटातलं पाणी काढून तपासून घे’ असं सुचवलंय. सासूबाई म्हणतात, मेळ्यात सॉफ्टी खाल्लीस, त्याचं हे फळ. डॉक्टर फ्लूची लस घ्या म्हणतात, तर घरचे म्हणतात, एकदा होऊन गेला ना, आता सुई कशाला? जाऊबाईंच्या चार वर्षांच्या मुलाचं नाक सतत वाहतं. म्हणून आत्ताच पुण्याला माहेरी निघून जावं, डोहाळजेवणही रद्द करावं, असं तिला वाटतं. नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. जावं की राहावं?

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही तुम्ही नीट वाचणार नाही. फ्लूचा विषाणू आईकडून पोटातल्या बाळाकडे जाणं फारच क्वचित घडतं. तुम्हाला झाला तसा, घरच्या घरी बरा झालेला फ्लू बाळापर्यंत पोचला असण्याची शक्यता इतकी कमी आहे की त्यासाठी मी एकही वेगळी तपासणी लिहून दिली नसती.

कारण सांगते. फ्लूच्या विषाणूचं ठाणं म्हणजे नाक, घसा, श्वासनळ्या आणि आजार बळावला तर फुप्फुसं. तो तिथल्याच पेशींत वाढतो. सहसा रक्तात उतरत नाही, आणि रक्तात उतरल्याशिवाय त्याला वारेपर्यंतची (म्हणजे आईला आणि बाळाला जोडणाऱ्या प्लॅसेंटापर्यंतची) वाटच नाही. तिथवर गेलाच तर पुढे वार आडवी येते. पुष्कळांना वाटतं की वार म्हणजे चाळणी, आईच्या रक्तात जे असेल ते गाळून पलीकडे जातं. तसं नसतं. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पेशींचा एक सलग थर असतो, त्यात पेशी-पेशींमधल्या फटीसुद्धा नसतात, आणि तो थर स्वतः विषाणूविरोधी द्रव्यं तयार करत असतो.

‘कधीच होत नाही’ असं मात्र मी म्हणणार नाही. चीनमध्ये बर्ड फ्लूने दगावलेल्या एका गरोदर बाईच्या वारेत आणि गर्भात विषाणू सापडल्याचं २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. पण तो एच५एन१, आणि आजार जिवावर बेतलेला. कोविडमध्ये हाच प्रश्न जगभर विचारला गेला. २०२० मध्ये फ्रान्समधल्या एका बाळाला वारेतून संसर्ग झाल्याचं नीट सिद्ध झालं, आपल्याकडे पुण्याच्या ससून रुग्णालयातूनही तशी नोंद झाली. मग जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा कोविड झालेल्या आयांच्या बाळांपैकी १.८ टक्के बाळांची चाचणी पॉझिटिव्ह आली होती, आणि त्यांतही जन्मानंतर, जवळच्या माणसांच्या श्वासातून लागण झालेली बाळं होतीच. कोविडने काही बायकांची वारच खराब केली आणि त्यातून पोटातच बाळ दगावण्याच्या घटना घडल्या, हेही खरं. तुम्हाला झालेला आजार तो नव्हता.

आता तुमच्या पत्रामागे जे गृहीत धरलंय त्याबद्दल. तुम्ही धरून चालला आहात की विषाणू आत गेला तर बाळाला धोका, आणि नाही गेला तर सगळं ठीक. फ्लूच्या बाबतीत हिशोब असा मांडता येत नाही. विषाणू आईच्या छातीत राहूनही बाळाला त्रास देऊ शकतो. चढता ताप, पोटात पाणी न जाणं, न्यूमोनिया होऊन प्राणवायू कमी पडणं, या सगळ्याची झळ बाळाला लागते. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तसा छातीखालचा पडदा साधारण चार सेंटीमीटर वर सरकतो आणि प्राणवायूची गरज २० टक्क्यांनी वाढते. म्हणजे जागा कमी, मागणी जास्त. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या एक टक्का होत्या आणि मृत्यूंमध्ये त्यांचं प्रमाण पाच टक्के होतं. त्या साथीतला विषाणू हाच, एच१एन१.

म्हणून मला तुमच्या फ्लूपेक्षा ते बिनगोळीचे दोन दिवस जास्त टोचले. तुम्हाला दोष देत नाहीये. ‘पोटुशी बाई औषध घेत नाही’ हे आपल्याकडे इतकं शहाणपणाचं समजलं जातं की तापाने फणफणलेली सून गोळी नाकारते तेव्हा घरात तिचं कौतुकच होतं. पण ताप अंगावर काढणं बाळासाठीही बरं नव्हे. पॅरासिटामॉल, म्हणजे घरोघरी क्रोसिन नाहीतर डोलो म्हणून असते ती गोळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत गरोदरपणात चालते. तिच्याने मुलं स्वमग्न होतात असे मेसेज तुमच्याही फोनवर आले असतील. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. सख्ख्या भावंडांची आपापसात तुलना केल्यावर असा काही संबंध दिसला नाही. ऑसेल्टामिविरबद्दल २०१७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फ्रान्समधल्या नोंदींवरून असंच आश्वासक उत्तर मिळालं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, आणि गरोदर बाईच्या बाबतीत रिपोर्टची वाट न पाहताही डॉक्टर ते सुरू करतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलं ते योग्यच केलं. उशीर झाला होता, तरीही.

टाळायचं ते वेगळंच असतं. अंगदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी आयबुप्रोफेनची गोळी (कॉम्बिफ्लाममध्ये ती असते) गरोदरपणात नको, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच. मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली ‘सर्दीची गोळी’ही नको, तिच्यात चार-चार औषधं एकत्र असतात.

तुमच्या बाळाच्या व्यंगाच्या भीतीकडे येते. गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला आलेल्या कडक तापाचा आणि मेंदू-मणक्याच्या व्यंगाचा संबंध अभ्यासांतून दिसला आहे, तुम्ही कुठेतरी तेच वाचलं असणार. पण ज्या नळीपासून मेंदू आणि मणका बनतो, ती शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटलेली असते. तुम्हाला ताप आला अकराव्या आठवड्यात. ती खिडकी तोवर बंद झाली होती.

तरी मनाची खात्री हवीच असते, आणि त्यासाठी वेगळी धावपळ करायची गरज नाही. १८ ते २० आठवड्यांत सगळ्याच गरोदर बायकांची अ‍ॅनोमली स्कॅन होते. डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय एकेक करून पाहतात. तुमची ती वेळ याच आठवड्यात आहे, आणि पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर आधी तारीख घ्या. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना ‘अकराव्या आठवड्यात फ्लू आणि १०२ ताप होता’ एवढं सांगा. ‘पोटातलं पाणी काढून’ करायच्या तपासणीबद्दल: ती सुई टोचून करतात, गर्भपाताचा थोडा का होईना धोका तिच्यात असतो, आणि फ्लू होऊन गेला म्हणून ती कुणी करत नाही. नातेवाइकांना हसून ‘बरं’ म्हणा.

सगळ्या पत्रात मी थबकले ती एका ओळीवर, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. बंद खोलीतली कोळशाची सिगडी. जानेवारीतल्या ग्वाल्हेरची थंडी काय असते ते मला सांगायला नको. रात्री पारा पाच-सहावर, सकाळी दहापर्यंत धुकं, जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दिवसभर गारच. सासूबाईंनी सिगडी मायेनेच ठेवली असणार. पण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. विषाणूला जी वार सहसा अडवते, ती या वायूला अडवू शकत नाही. तो सरळ बाळाच्या रक्तात जातो, तिथल्या हिमोग्लोबिनला आईच्यापेक्षा घट्ट चिकटतो आणि सुटायलाही जास्त वेळ घेतो. फ्लू बाळाला लागेल या धाकाने ज्या खोलीची खिडकी बंद केली, त्याच खोलीत बाळापर्यंत पोचणारी वस्तू पेटवून ठेवली होती. त्या रात्रींत तुम्हाला डोकं जड होणं, मळमळ, चक्कर असं काही झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल झालं, तर आता मागचं उकरत बसू नका. मात्र बाळ ऑगस्टमध्ये येईल आणि पुढच्या जानेवारीत चार-पाच महिन्यांचं असेल. तेव्हा बाळ-बाळंतिणीच्या खोलीत सिगडी नको, शेक-धुरीसाठीही नको. खोली गरम हवी असेल तर विजेचा हीटर लावा, तोही खिडकीची फट उघडी ठेवून.

काढ्याचं म्हणाल तर आलं-तुळशीचा कपभर काढा कुणाला बाधत नाही. ज्येष्ठमध मात्र रोजच्या रोज नको. त्यातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब चढू शकतो आणि फिनलंडसारख्या देशात गरोदर बायकांना ज्येष्ठमध टाळायलाच सांगतात. चार-दोन दिवस घेतला म्हणून काही बिघडत नाही.

सॉफ्टीचा न्यायनिवाडा लगेच उरकते. गार खाल्ल्याने फ्लू होत नाही. तो लोकांच्या खोकण्या-शिंकण्यातून होतो, आणि मेळ्यात लोकांना काय तोटा? १९०५ पासून अख्खं ग्वाल्हेर तिथे जातंय. सासूबाई बोलल्या ते काळजीपोटी, हे तुम्हालाही कळतं. पण काळजीला कुणीतरी गुन्हेगार लागतो आणि तो बहुधा सूनच ठरते. त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. नवऱ्याने समजावलं तर ‘बायकोची बाजू घेतोस’ होतं, तुम्ही समजावलं तर ‘उलट बोलते’ होतं. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं घरात टिकतं. सिगडीचंही तिथेच निघू द्या.

लस घ्या. एकदा फ्लू झाला म्हणजे त्या एका जातीपुरती काही काळ ढाल मिळाली. लशीत तीन-चार जातींची तयारी असते. टोचायची फ्लूची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होत नाही आणि ती गरोदरपणात कुठल्याही महिन्यात देतात. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात चालत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगा. फ्लूचा विषाणू सहसा वार ओलांडत नाही, पण आईच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारी द्रव्यं, ओलांडतात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला आईकडून मिळेल तेवढंच संरक्षण. तुमचं बाळ ऐन पावसाळ्यात येणार, आणि आपल्याकडे फ्लू थंडीइतकाच पावसाळ्यातही फिरतो. डांग्या खोकल्याच्या लशीचंही, २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान, डॉक्टरांना विचारून ठेवा.

राहता राहिला पुतण्या आणि माहेर. चार वर्षांचं नर्सरीत जाणारं पोर वर्षभर वाहतं नाक घेऊनच हिंडतं. त्या साध्या सर्दीने तुमच्या बाळाला काही होत नाही. त्याचं उष्टं खाऊ नका, त्याच्या चमच्याने चाखू नका, नाक पुसलं किंवा त्याची शी-शू काढली की साबणाने हात धुवा. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू जातो आणि तो वार ओलांडू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, तरी हात धुवायला काही पैसे पडत नाहीत.

खरं लक्ष ठेवायचं ते नाकावर नाही, अंगावरच्या पुरळावर. श्वासातून पसरणारे पण बाळापर्यंत जाणारे काही आजार आहेत: रुबेला, कांजिण्या, आणि मुलांचे गाल लाल करणारा पार्व्होव्हायरस. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. त्यांच्या आयांना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला होता, हे त्यांनी शोधून काढलं. रुबेला सगळ्यात घातक पहिल्या १२ आठवड्यांत, आणि तुम्ही तो काळ मागे टाकलाय. तेव्हा पुतण्याला ताप आणि पुरळ दोन्ही दिसले, तर त्याला लांब ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तुम्हाला कांजिण्या होऊन गेल्या नसतील तर फोन आणखी लवकर, कारण त्यावरचं इंजेक्शन ठरावीक दिवसांतच देता येतं.

मग माहेरी जायचं का? विषाणूला सासर-माहेर कळत नाही, पुण्यातही लोक खोकतातच. त्या कारणासाठी निघालात तर तिथल्या पहिल्या शिंकेला पुन्हा तुमची झोप उडेल. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला असंही वाटलं की तुम्हाला आईजवळ जायचंय, आणि त्यासाठी एखादं वैद्यकीय कारण हाताशी असलेलं बरं, असं तुमच्या मनाने घेतलंय. त्यात चूक काहीच नाही. पहिलटकरणीला आईकडे जावंसं वाटणं हे स्वतःच पुरेसं कारण आहे, ते तसंच सांगा. स्कॅन करून घ्या, तुमच्या डॉक्टरांकडून सगळ्या कागदांची फाइल घ्या, आणि एप्रिलअखेर निघा. सातव्या महिन्याचा मुहूर्त धरून बसलात तर मेच्या मध्यावर, पंचेचाळीस डिग्रीत, दिवस-रात्रीचा रेल्वेप्रवास करावा लागेल. डोहाळजेवण त्याआधीच करून टाका. येणाऱ्यांना नवऱ्याने आधीच निरोप द्यावा की ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी ओटी नंतर भरावी. बाळ झाल्यावर बारशालाही हाच निरोप, वर ‘बाळाचे पापे घेऊ नका’ एवढं जोडून. नवजात बाळाला खरी लागण होते ती तेव्हा. आणि बाळंतपणानंतर तुम्हालाच सर्दी-ताप झाला तर अंगावरचं दूध तोडू नका, तोंडाला मास्क, हात धुतलेले, आणि पाजत राहा.

नवरा ‘फार विचार करतेस’ म्हणतो, त्याला एक काम सोपवा. घरात थर्मामीटर आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणून ठेवायचं. पुन्हा ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन, तिसऱ्या दिवशी नाही. ऑक्सिजन ९५ च्या खाली, बोलताना धाप, छातीत दुखणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं, लघवी कमी होणं, किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, गाडी काढायची. हे सगळं त्याने फ्रिजवर लिहून लावावं.

आणि तुमची फाइल एकदा उघडून बघा, रुबेलाच्या प्रतिपिंडांचा रिपोर्ट त्यात आहे का. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१७ पासून सुरू झाली ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, तुमच्या वयाच्या मुली तिच्यातून राहून गेल्या. ती लस जिवंत विषाणूची, म्हणून आत्ता देता येत नाही. रिपोर्ट नकारात्मक, म्हणजे प्रतिपिंडं नाहीत असा, असेल तर बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी येण्याआधी ती घेता येते, बाळाला पाजत असलात तरी.